मागची रांग

शेलूबाजारच्या फाट्यावर रसवंती आणि बियाण्याचं दुकान यांच्या मधे हरीओमचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पुढं काउंटरवर सातबारा, पीकविमा, आधारची दुरुस्ती. मागं प्लायवूडच्या आडोशाला दुरुस्तीचं टेबल. त्या टेबलाशी हरीओमची चुलत बहीण वैभवी बसायची. वाशिमच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन ती बीएस्सी झाली होती. एमएस्सीच्या प्रवेशाची वाट पाहता पाहता इथं आली, त्याला दीड वर्ष झालं. कॉलेजातली एक सवय मात्र तिनं सोडली नव्हती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला ती वहीत एक पान द्यायची: तारीख, वेळ, लक्षण, आपण काय केलं, त्यानं काय झालं. हरीओम त्या वहीवरून तिची टर उडवायचा. "डॉक्टर बी पेशंटचं इतलं लिहीत नाई," तो म्हणायचा. "फॉरमॅट मार अन् मोकळी हो."

जानेवारीतला बाजाराचा दिवस होता. तुरीची सोंगणी उरकत आली होती आणि जीपगाड्या टपापर्यंत भरून येत होत्या. अशाच एका जीपमधून संगीता उतरली. कडेवर चार वर्षांची पोरगी, दुसऱ्या काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेला लॅपटॉप. पोरीच्या उजव्या भुवईत मधोमध एक जुना व्रण होता, त्यामुळं भुवई दोन तुकड्यांची दिसायची. तिचं नाव संस्कृती.

लॅपटॉप जाडजूड, जुन्या पद्धतीचा, खालून बॅटरी निघणारा. झाकणावर अजून चमकीच्या अक्षरांचं स्टिकर होतं: देवानंद व्हिडिओ शूटिंग. नाव वाचून वैभवीनं मान वर केली. देवानंद शूटिंगवाला या भागात कोणाला माहीत नव्हता असं नाही. गेल्या वैशाखात, एका हळदीच्या मांडवात, लाइटच्या उघड्या तारेला हात लागून तो गेला होता.

संगीतानं तक्रार सांगितली. बंद करायला गेलं की पडदा काळा होतो, पण आतला पंखा फिरतच राहतो आणि बटणाचा दिवा विझत नाही. मधेच चित्र फाटल्यासारखं होतं, मग पुन्हा जुळतं. तांड्यातल्या एकानं सांगितलं होतं, आता भंगारात दे.

"भंगारात द्यायचाच असता तर मी इथलोक आली नसती," ती म्हणाली. मग पोरीला खाली उतरवून तिनं खरं काम सांगितलं. बारा वर्षं देवानंदनं लोकांची लग्नं काढली. हजारो माणसं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली. तो स्वतः कशातच नाही. आधार कार्डावरचा फोटो, आणि त्याच फोटोला मोठा करून हार घातलेला, एवढंच घरात आहे. बाप गेला तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती. आता विसरत चालली आहे.

"मले इचारते, बाबा चालत कसा होता," संगीता म्हणाली. "चेहरा फोटोत दावता येते, मॅडम. चालणं कसं सांगू? यात कुठं तरी असन तो. एखाद्या येळी कोणाच्या हातात कॅमेरा देल्ला असन."

वैभवीनं वहीत नवं पान उघडलं.

पहिले दोन दिवस सगळं समजण्यासारखं होतं. या लॅपटॉपात चित्र दाखवणारे दोन भाग होते. एक प्रोसेसरमधलाच, साधा. दुसरं वेगळं ग्राफिक्स कार्ड, मिक्सिंगसाठी देवानंदनं मुद्दाम पाहून घेतलेलं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि मशीन यांच्यात बोलणं घडवून आणणारा प्रोग्रॅम, बिघडला होता. वैभवीनं तो काढून टाकला. साध्या चित्रावर लॅपटॉप शहाण्यासारखा बंद झाला, तीनदा चालू केला, तीनदा बंद झाला. पण कार्डाशिवाय देवानंदचं मिक्सिंगचं सॉफ्टवेअर उघडेना. ड्रायव्हर परत घातला की सॉफ्टवेअर उघडायचं आणि लॅपटॉप बंद व्हायचं नाव घ्यायचा नाही. बटण दाबलं की निळ्या पडद्यावर एकच ओळ यायची: एक काम अजून चालू आहे. तिनं ड्रायव्हरच्या चार जुन्या आवृत्त्या लावून पाहिल्या. पंखा उघडून त्यातली हळदीच्या रंगाची धूळ काढली. झटपट सुरू होण्याची सोय बंद केली. फरक पडला नाही. त्यातून हार्ड डिस्क खराब होत चालली होती. दर वेळी चालू केल्यावर आणखी काही जागा वाचता येईनाशा व्हायच्या. देवानंद जर आत कुठं असेल तर त्याला शोधायला फार दिवस नव्हते.

तिनं निघतील तेवढी लग्नं दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि बघायला बसली. दुपारचं जेवण झालं की एक लग्न, चहाच्या वेळी एक. चाळीसेक लग्नं पाहिल्यावर तिला देवानंदचा हात ओळखू येऊ लागला. तो कॅमेरा डावीकडून उजवीकडं सावकाश न्यायचा आणि म्हातारं माणूस दिसलं की तिथं क्षणभर थांबायचा. एकदा त्याचा खोकला ऐकू आला. एकदा "काका, जरा सरका" असं. एका जागी, वधूच्या मागच्या आरशात, कॅमेरा धरलेले दोन हात. बस.

आणि मागची रांग.

ती काय आहे हे संगीतानंच नंतरच्या एका बाजारी समजावलं. लग्नाआधी देवानंद घरच्यांकडून त्यांच्या गेलेल्या माणसांचे फोटो मागून घ्यायचा. बाकीचे शूटिंगवाले असे फोटो सुरुवातीला हार घालून दाखवत. देवानंद ते कापून थेट मांडवात उभे करायचा. अक्षता पडतात त्या वेळी, सगळ्यांच्या मागं, जिथं ते माणूस खरोखर उभं राहिलं असतं तिथं. आजा, चुलता, एखादी बाळंतपणात गेलेली बहीण. कडा पांढऱ्या दिसायच्या, सावली पडायची नाही, पण लोक रडायचे. देवानंदच्या शूटिंगात मेलेले बी लग्नाले येतात, असं तांड्या-तांड्यात बोललं जायचं.

एकदा त्यात घोटाळा झाला होता. तांड्यातल्या अमरसिंगच्या पोराच्या लग्नात घरच्यांनी फोटोंचा गठ्ठा दिला. त्यात अमरसिंगची आजी रुपाबाई हिचाही फोटो आला, बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, आणि रुपाबाई तर जिवंत होती. देवानंदनं तिलाही मागं उभं केलं. सगळ्यांसमोर व्हिडिओ लागला तेव्हा म्हातारीनं स्वतःला दोनदा पाहिलं, एकदा पुढं बाजेवर बसलेली आणि एकदा मागच्या रांगेत. पोरं हसू लागली, देवानंद कान धरून उभा राहिला.

"तर म्हातारी म्हणते कशी," संगीता हसत म्हणाली, "राहू दे रे पोरा, काढू नोको. जागा धरून ठेवली तुनं माही."

मग ती म्हातारी किती दिवस होती, असं वैभवीनं विचारलं.

"चार महिने. पण नव्वदीची होती ना ते," संगीता म्हणाली, आणि पोरीच्या नाकाला पदर लावत दुसरीकडं पाहू लागली.

बंद न होण्याचं कारण त्याच आठवड्यात सापडलं. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरच्या मागं एक काम चालू होतं. एक व्हिडिओ तयार होत होता. त्याचं नाव होतं "संस्कृती", आणि टक्के दाखवणाऱ्या पट्टीवर एकसष्ट हा आकडा होता. वैभवीला वाटलं, पोरीच्या वाढदिवसाचं काही असेल. देवानंदनं गेल्या वैशाखात लावून ठेवलं असेल आणि ते अर्धं अडकलं असेल. रद्द करायचं बटण दाबलं जात नव्हतं. तिनं सरळ बॅटरी काढली. पंखा थांबला. बॅटरी आणि चार्जर टेबलाच्या खणात ठेवले, खणाला कुलूप लावलं आणि वहीत लिहिलं: ५.१०, वीज पूर्ण तोडली, ६१.

सकाळी बॅटरी घालून चालू केलं तेव्हा पट्टीवर चौऱ्याहत्तर होते.

याचं उत्तर तिच्याकडं होतं. काही सॉफ्टवेअर खरं काम मोजत नाहीत, घड्याळ पाहून अंदाज दाखवतात. तिनं घड्याळ पाहिलं. तारीख होती अठरा मे, वीसशे पंचेचाळीस. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की लॅपटॉपचं घड्याळ चुकतं हे तिला ठाऊक होतं. पण ते मागं जातं, कारखान्यात ठरवलेल्या जुन्या तारखेला. पुढं गेलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं नवा सेल घातला, तारीख दुरुस्त केली. आकडा चौऱ्याहत्तरच राहिला.

दुसऱ्या दिवशी शहाऐंशी. त्या दिवशी लॅपटॉप उचलताना तिला पंख्याकडची बाजू कोमट लागली. रात्रभर बॅटरी खणात होती. तिनं मीटरची तापमान मोजायची तार लावली. खोलीत एकोणीस, लॅपटॉपवर एकेचाळीस. तिनं दोन्ही आकडे लिहिले आणि हरीओमला हात लावून पाहायला सांगितलं.

हरीओमनं तळहात टेकवला, पटकन काढला आणि पँटला पुसला. "वापस देऊन टाक तिले," तो म्हणाला. "आपल्याच्यानं नाई होत म्हणून सांग."

वैभवी म्हणाली, तिची पोरगी विसरून राह्यली, दादा.

हरीओमनं पुढं जाऊन कोणाचा तरी सातबारा काढायला घेतला.

शुक्रवारी दुपारी पट्टी अठ्ठ्याण्णववर होती. बॅटरी आदल्या संध्याकाळपासून खणातच होती; वैभवी आज फक्त चार्जरवर काम करत होती. दोन वाजून चाळीस मिनिटांनी फाट्यावरची वीज गेली. पुढचा प्रिंटर अर्धा कागद तोंडात धरून थांबला. रसवंतीचा घुंगरू थांबला. डोक्यावरचा दिवा गेला.

लॅपटॉपचा पडदा गेला नाही.

तिनं चार्जरची पिन ओढून काढली. पंखा फिरत होता. खण उघडून पाहिला. बॅटरी तिथंच होती, थंड.

पट्टी शंभरावर आली आणि व्हिडिओ आपोआप सुरू झाला.

मांडव होता. कापड पोपटी आणि पांढरं, वरून उन्हाचे ठिपके पडलेले. माणसांच्या हातात अक्षता होत्या. आवाज नव्हता. कॅमेरा डावीकडून उजवीकडं सावकाश निघाला, एका म्हाताऱ्यापाशी क्षणभर थांबला, पुढं सरकला. वैभवीला तो हात ओळखू आला.

नवरी दिसली. चोवीस-पंचवीस वर्षांची, खाली पाहत असलेली. तिनं वर पाहिलं. उजवी भुवई दोन तुकड्यांची होती.

तिच्या शेजारी, आई उभी राहते त्या जागी, एक बाई पाठमोरी उभी होती. केस अर्धे पिकलेले. डावा हात नवरीच्या खांद्यावर.

कॅमेरा तिच्यावर थांबला नाही. तो मागं गेला.

मागच्या रांगेत रुपाबाई होती. आणखी काही जण होते, वैभवीनं त्या चाळीस लग्नांत पाहिलेले. पण इथं कोणाच्या कडा पांढऱ्या नव्हत्या. सगळ्यांच्या सावल्या पडल्या होत्या आणि त्या एकाच बाजूला पडल्या होत्या.

त्यांच्यात देवानंद होता. हातात कॅमेरा नसल्यामुळं हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं ते एकदा पाठीमागं बांधले, एकदा खिशात घातले. मग तो चालला. पाच पावलं, जरा घाईची, डावं पाऊल थोडं बाहेर टाकत. नवरी नीट दिसावी म्हणून तो जागा बदलत होता.

नव्या जागी त्याच्या शेजारी संगीता उभी होती. वांगी रंगाची साडी, हिरवा काठ.

वैभवीनं तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. त्या चेहऱ्यावरून वीस वर्षं नव्हती गेलेली. एकही नव्हतं.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. बटणाचा दिवा विझला. पहिल्यांदाच, कोणी न सांगता, लॅपटॉप बंद झाला होता.

वीज आल्यावर तिनं तो चालू केला. फाइल डिस्कवर होती, सत्तेचाळीस सेकंदांची. ती तिनं पेनड्राइव्हवर घेतली. देवानंदच्या चालण्यासाठीच बाई आली होती आणि ते चालणं सापडलं होतं. बाकीचं कोणी मागितलं नव्हतं. तिनं पाच पावलांचा तेवढा तुकडा काढला, अकरा सेकंदांचा. चौकटही कापली, म्हणजे फक्त तोच दिसेल. आजूबाजूचा मांडव गेला, नवरी गेली, संगीता गेली. शेवटच्या सेकंदाला तो डाव्या कडेपाशी पोचायचा. तिथं जास्त कापलं असतं तर त्याचा खांदा गेला असता. तेवढं तिनं राहू दिलं. पूर्ण फाइल दोन्हीकडून पुसून टाकली. वहीत, त्या पानावर शेवटी, एकच ओळ लिहिली: बंद झाला.

पुढच्या बाजारी संगीता आली. तुकडा वैभवीनं तिच्या मोबाइलवर टाकून दिला. कुठल्या लग्नातला आहे ते कळत नाही, असं सांगितलं. मायलेकी बाकावर बसून पाहू लागल्या. दोनदा पाहून झाल्यावर पोरगी उठली आणि प्लायवूडच्या आडोशापासून काउंटरपर्यंत चालत गेली, डावं पाऊल बाहेर टाकत. परत आली. पुन्हा गेली. काउंटरवरची माणसं हसली. संगीता हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

मग तिनं एकटीनं पुन्हा पाहिलं. शेवटच्या सेकंदाला बोट टेकवून चित्र थांबवलं आणि दोन बोटांनी मोठं केलं. डाव्या कडेला, बोटभरही नाही, हिरवा काठ होता.

"हा काठ," ती म्हणाली.

वैभवीनं वही मिटली.

"हे साडी त्यानं मले पोहऱ्याच्या जत्रेतून आणली होती. जायच्या महिनाभर आधी. पोरीच्या लग्नात नेसजो म्हणे. मी हसली, म्हटलं पोरगी तीन वर्साची हाये." तिचा आवाज अगदी सरळ होता. "पेटीत हाये अजून. घडी नाई मोडली. कोणाले दावली बी नाई."

बाहेर एका जीपवाल्यानं कारंजा, कारंजा असा पुकारा केला.

"तुमी कापलं ना, मॅडम?"

पाहिलेली गोष्ट पाहिली नाही असं सांगायची वैभवीला सवय नव्हती. ती हो म्हणाली.

"मी कुठं आहो? मागं?"

वैभवीनं मान डोलावली.

संगीतानं पोरीकडं पाहिलं. पोरगी अजून फेऱ्या घालत होती. "मंग हिच्यापाशी कोण हाये?"

"एक बाई," वैभवी म्हणाली. "पाठमोरी होती, ताई. तोंड नाई दिसलं."

"हात होता हिच्या आंगावर?"

"खांद्यावर होता."

"बरं," संगीता म्हणाली. मोबाइल तिनं पदरात पुसला आणि पोलक्यात ठेवला.

वैभवीनं तिला तब्येत दाखवून घ्यायला लावलं आणि एकटीला जाऊ दिलं नाही. पुढच्या सोमवारी स्वतः सोबत जाऊन वाशिमला तपासण्या करवल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त जरा कमी आहे, गूळ-शेंगदाणे खा. बाकी काही नाही. वैभवीनं सगळे आकडे वहीत उतरवले, त्याच पानाच्या पाठीमागं, आणि येताना एसटीत ते दोनदा वाचले. सगळे जिथं असायला हवे तिथं होते.

त्यानंतर संगीता बाजार नसतानाही येऊ लागली. शेतात हरभऱ्याचं काम आहे, पोरीला दुपारभर बसू देता का, असं तिनं पहिल्यांदा विचारलं. मग विचारणं थांबलं. संस्कृती आडोशाला वैभवीच्या पायाशी बसून जुन्या कीबोर्डची बटणं काढायची आणि परत बसवायची. ती वैभवीला मावशी म्हणू लागली. संगीता निघता निघता काहीतरी सांगून जायची, घाई नसल्यासारखं: हिले भेंडी आवडत नाही, झोपताना आपला कान धरू द्यावा लागतो, ताप आला तर आधी पाय गरम होतात. एकदा तिनं पोरीचा जन्माचा दाखला आणि आधार आणून दिलं, स्कॅन करून तुमच्या मशीनमधे राहू द्या म्हणाली, माह्याकडे उंदीर फार झाले. मानोऱ्याला माझी एक बहीण आहे, पण तिला स्वतःचीच चार, हेही तिनं असंच मधे सांगितलं.

"तुमची तब्येत बरी हाये ना, ताई?" वैभवी दर वेळी विचारायची.

"मले काय झालं," संगीता म्हणायची, आणि ते खरंच होतं. ती पूर्वीपेक्षा बरी दिसत होती. हरीओमशी थट्टा करायची, तुह्या प्रिंटरपेक्षा आमचा गाढव बरा, निदान लात मारली की चालते.

मार्चमधल्या एका सकाळी ती पोरीला सोडायला आली तेव्हा हरीओम पुढं कुलूप उघडत होता. ऊन अजून कोवळं होतं. जीपमधून उतरलेली बाई त्याला एकदम ओळखू आली नाही. कोण्या लग्नाला निघाली का, त्यानं विचारलं. नाही, ती म्हणाली, कामावरच चालली.

वैभवी दारात आली. साडी वांगी रंगाची होती, काठ हिरवा. घडीच्या रेघा अजून उभ्या-आडव्या दिसत होत्या.

"ठेवून ठेवून काय करू, म्हटलं," संगीता म्हणाली, जरा लाजल्यासारखी. तिनं पोरीच्या दोन तुकड्यांच्या भुवईवरून अंगठा फिरवला, पोरीची पिशवी वैभवीच्या हातात दिली आणि जीपकडं वळली.

संस्कृती आत पळाली होती. वैभवी पिशवी धरून रस्त्याकडं पाहत राहिली, जीप दिसेनाशी होईपर्यंत. मग तिच्या लक्षात आलं की पिशवी नेहमीपेक्षा जड आहे, पोरीचे सगळे कपडे भरल्यासारखी.